निरखून शिका

डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने पाखरांचा आणि रानफुलांचा दाखला दिला आहे, हे आपल्या घरांतील लहान मुलांनाही ठाऊक असते. या दोन दाखल्यांत एक बारीक भेद आहे; भाषांतरात तो सहसा निसटतो. संत मत्तयच्या मूळ ग्रीक संहितेत पाखरांविषयी जे क्रियापद येते त्याचा अर्थ ‘दृष्टी लावून पाहा’ असा होतो. फुलांविषयी मात्र ‘काटामाथेते’ हा शब्द योजला आहे. त्याच्या पोटात शिकण्याचा धातू आहे. नीट निरखा आणि निरखून शिकून घ्या, असा त्याचा आशय. हे क्रियापद संपूर्ण नव्या करारात याच एका ठिकाणी आले आहे. सेमिनरीत ग्रीक शिकत असताना मी ही गोष्ट वहीत टिपून ठेवली होती. तिचा अर्थ मात्र पुष्कळ वर्षांनी, सांगलीच्या विश्रामबागेत एका छायाचित्रांच्या अल्बमपुढे बसलो असताना मला उमगला.

तो अल्बम आमच्या धर्मग्रामातील एका निवृत्त गृहस्थांचा. रविवारची मिस्सा आटोपली की खांद्याला कॅमेरा लावून ते विलिंग्डन महाविद्यालयाच्या परिसरात, नाहीतर रेल्वेमार्गालगतच्या गवतात जाऊन बसत. बसत म्हणजे अक्षरशः गुडघे टेकून, कधी पोटावर पडून. त्यांचा छंद एकच: फुलांचे, किड्यांचे, गवताच्या तुऱ्यांचे अगदी जवळून छायाचित्र घेणे. पहिल्या भेटीत मी त्यांना जरा तिरकसपणेच विचारले होते, “भोवती इतकी माणसे असताना तुम्हांला तणच कसे दिसते?” ते काही बोलले नाहीत. अल्बम मिटून, चहा घेऊन निघून गेले. त्या प्रश्नाबद्दल मला पुढे खंत वाटली. प्रस्तुत लेख काही अंशी त्या खंतीतून लिहिला आहे.

जवळून घेतलेल्या छायाचित्राची, ज्याला आपण सर्रास ‘क्लोज-अप’ म्हणतो त्याची, आपल्याकडे गंभीर समीक्षा फारशी होत नाही. निसर्गचित्र म्हटले की दऱ्याडोंगर, सूर्यास्त, वाघ. बारीकसारीक जीवांच्या चित्रांना ‘छान’ म्हणून आपण पान उलटतो. वस्तुतः या प्रकाराचे स्वतःचे एक व्याकरण आहे. फिल्मच्या कॅमेऱ्यातील चौकट ३६ मिलिमीटर लांब आणि २४ मिलिमीटर रुंद असते. मॅक्रो लेन्सने एकास एक या प्रमाणात चित्र घेतले तर एखाद्या मोठ्या टपाल तिकिटाएवढीच भूमी त्या चौकटीत मावते. इतक्या जवळून भिंगाचे छिद्र बरेच लहान केले तरी स्पष्ट दिसणारा थर जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा राहतो. पुंकेसर रेखीव आले तर पाकळीची कड धूसर होते. वाऱ्याची झुळूक आली की सारेच हलते. म्हणजे या कलेत चित्रकाराला प्रत्येक क्षणी निवड करावी लागते आणि वाट पाहावी लागते. या दोन गोष्टींवरूनच त्याच्या कामाची पारख करता येते.

दुसऱ्या भेटीत त्या गृहस्थांनी अल्बम पुन्हा उघडला, तेव्हा मी एका चित्राची मनापासून स्तुती केली. काळ्याभोर पार्श्वभूमीवर एकदांडीचे एक निर्दोष फूल होते. ते म्हणाले, “फादर, हे मी तोडून घरी आणले होते. मागे काळा कागद धरला होता. हे चित्र मला स्वतःला फारसे आवडत नाही.” मग त्यांनी शेवटच्या पानावरचे चित्र दाखवले. तेही एकदांडीचेच. एक पाकळी किड्याने कुरतडलेली, मधल्या पिवळ्या भागावर एक मुंगी, मागे पोपडे निघालेली भिंत. माझ्या नजरेने ते चित्र कधीच ओलांडले होते.

एकदांडी आपणां सर्वांच्या पायाखालची. मूळची मध्य अमेरिकेतली, पण आता आपल्या गावोगावच्या बांधांवर आणि भिंतींच्या कडेला रुजलेली. खेड्यात तिचा पाला जखमेवर चोळतात, म्हणून तिला दगडी पालाही म्हणतात. ज्याला आपण तिचे एक फूल समजतो तो खरे तर फुलांचा समुदाय असतो. कडेच्या साधारण पाच फिक्कट ‘पाकळ्या’ ही प्रत्येकी स्वतंत्र फुले आणि मधल्या पिवळ्या गड्ड्यात कितीतरी चिमुकली फुले दाटीने बसलेली. ती एकाच वेळी उमलत नाहीत. बाहेरून आत, क्रमाक्रमाने उमलतात. काळ्या कागदापुढच्या चित्रात हे सारे एका सुबक नक्षीत विरून गेले होते. भिंतीपुढच्या चित्रात ते दिसत होते, कारण मुंगी त्यांतल्या उमललेल्या फुलांवरच होती. पहिले चित्र ‘पाहा’ म्हणत होते. दुसरे ‘शिका’ म्हणत होते.

हा भेद केवळ विश्रामबागेतल्या अल्बमापुरता नाही. अमेरिकेतील व्हर्मांट राज्यात जेरिको नावाच्या गावी विल्सन बेंटली नावाचा एक शेतकरी होता. १८८५ साली त्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचे छायाचित्र घेतले आणि पुढे आयुष्यभर हाच छंद जोपासला. पाच हजारांहून अधिक हिमकण त्याने टिपले. १९३१ साली त्यांचे मोठे पुस्तक निघाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो निवर्तला. हौशी माणसाच्या निष्ठेचे याहून थोर उदाहरण मिळणे कठीण. परंतु समीक्षकाला एक गोष्ट नोंदवावीच लागते. कण उठून दिसावा म्हणून बेंटली काचेच्या निगेटिव्हवरील भोवतालचा लेप खरवडून काढी आणि निवड करताना सुडौल कणांना प्राधान्य देई. निसर्गातील बहुसंख्य हिमकण तसे सुडौल नसतात. त्याच्या हयातीतच जर्मन अभ्यासकांनी यावर आक्षेप घेतला होता. बेंटलीची चित्रे सुंदर आहेत यात वाद नाही, पण त्यांनी जगाला हिमकणाची जी ओळख करून दिली ती अर्धीच होती. अपूर्ण, मोडके कण त्या मेजवानीला बोलावलेच गेले नाहीत. शुभवर्तमानातील मेजवानीचा दाखला ज्यांनी ऐकला आहे त्यांना ही उणीव चटकन जाणवेल.

याच्या दुसऱ्या टोकाला मी एक आपल्याकडचे काम ठेवीन. पुण्याचे श्रीकांत इंगळहळीकर हे शिक्षणाने अभियंते; वनस्पतींकडे ते आवडीतून वळले. २००१ साली त्यांचे ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. उत्तर सह्याद्रीतील पाचशे फुलांची रंगीत छायाचित्रे व वर्णने त्यात आहेत. २००७ साली पुढचा भाग आला, त्यात आणखी पाचशेंवर फुले. या पुस्तकांत छायाचित्र स्वतःच्या देखणेपणासाठी उभे नाही. ते ओळखीच्या कामी आले आहे. चित्रासोबत नाव आणि वर्णन आहे, त्यामुळे वाचक पुस्तक मिटून डोंगरावर जाऊ शकतो. माझ्या मते हौशी छायाचित्रकाराच्या यशाची हीच कसोटी आहे. चित्र पाहणाऱ्याला चित्रापाशी न थांबवता वस्तूकडे पाठवणे.

या परंपरेत आपल्या ख्रिस्तसभेचाही वाटा आहे, याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. मूळचे स्पेनचे येशूसंघीय धर्मगुरू फादर सांतापाव (१९०३–१९७०) मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकवत. खंडाळ्याच्या वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ १९५३ साली निघाला. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे प्रमुख झाले आणि १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एका लहानशा घाटमाथ्याची फुले वर्षानुवर्षे निरखणे हा या धर्मगुरूंना आपल्या पाचारणापासून दूर जाणे वाटले नाही.

आता या कलेची मर्यादाही सांगितली पाहिजे. जवळ जाताना भोवताल हरवतो. भिंगाच्या गुणधर्माने पार्श्वभूमी विरघळते आणि आपण त्या विरघळण्यालाच सौंदर्य समजू लागतो. साताऱ्याजवळ चाळकेवाडीचे पठार आहे. तेथे उन्हाळ्यात नर सरड्याच्या गळ्याखाली निळा, काळा आणि नारिंगी पंखा उघडतो. हा सरडा २०१६ साली शास्त्रज्ञांनी नवी प्रजाती म्हणून नोंदवला आणि त्याच्या कुळाला चक्क ‘सारडा’ हे मराठी शब्दावरून नाव दिले. त्याच्या गळ्याचे जवळून घेतलेले चित्र फारच मोहक दिसते. पण त्याच पठारावर पवनचक्क्या आहेत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी सुमारे चौपट कमी आहेत, त्यामुळे सरडे वाढले आहेत आणि तेथील नरांच्या गळ्यांचे रंग इतर भागांतल्यापेक्षा फिके पडले आहेत. रंग चौकटीत आहे. त्याचे कारण चौकटीबाहेर गरगरत आहे. ज्या चित्रकाराला पवनचक्की ठाऊक नाही त्याला तो रंग दिसतो, पण वाचता येत नाही.

मर्यादेची दुसरी बाजू आचरणाची. २०१२ साली जागतिक वारशात समाविष्ट झालेल्या कास पठारावर सप्टेंबरात सीतेची आसवे, तेरडा, सोनकी फुलतात. दव ल्यालेली किडेखाऊ वनस्पती तर बोटाच्या पेरात मावेल एवढी. एका फुलाचे चित्र घेण्यासाठी कोपर टेकताना शेजारची दहा फुले चिरडली जातात, हे तेथे कोणालाही दिसेल. किडा हलू नये म्हणून त्याला फ्रिजमध्ये गारठवणारेही छंदिष्ट असतात. असे चित्र कितीही स्पष्ट आले तरी मी त्याला चांगले म्हणणार नाही. ते चित्र म्हणजे कबजा आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सृष्टीतील प्रत्येक जीवाला स्वतःचे मोल असते, ते माणसाच्या उपयोगावर अवलंबून नसते, अशी शिकवण दिली. ती छायाचित्रकारालाही लागू आहे. चित्र मिळाले नाही तरी चालेल, असे ज्याला म्हणता येते त्याच्याच हाती कॅमेरा शोभतो.

राहिला माझा तो पहिला प्रश्न: माणसे असताना तण कशाला? प्रश्न खोटा नव्हता, पण तो ज्याला विचारला त्याच्याबाबत अन्यायाचा होता. पुढे मला कळले की आमच्या धर्मग्रामात आजाऱ्यांच्या घरी सर्वांत नियमितपणे जाणारे गृहस्थ हेच. कोणाच्या पायाची सूज वाढली, कोणाच्या हाताला कंप सुटला, हे त्यांच्या आधी ध्यानात येई आणि मग मला निरोप मिळे. ज्याने भिंतीकडेच्या कुरतडलेल्या पाकळीपाशी अर्धा तास काढला आहे, त्याला अंथरुणावरच्या माणसापाशी बसणे अवघड वाटत नसावे. निरखण्याची सवय फुलापाशी जडली काय किंवा माणसापाशी, ती एकच सवय आहे. मी मात्र तिला दोन समजलो होतो.

त्या कुरतडलेल्या पाकळीच्या चित्राची मोठी प्रत करून ती आमच्या सभागृहात लावावी, अशी मी त्यांना विनंती केली. त्यांनी एक अट घातली. चित्राखाली स्वतःचे नाव नको. फुलाचे नाव, जागा, महिना आणि प्रत्यक्ष आकार एवढेच लिहायचे. त्याप्रमाणे ‘एकदांडी. विश्रामबाग. ऑगस्ट. प्रत्यक्ष आकार दीड सेंटीमीटर’ अशी पाटी लावली. चित्र दोन फुटांचे आणि आकार दीड सेंटीमीटर, हे वाचून मुले गोंधळतात. मग त्यांतले एखादे विचारते, “फादर, हे कुठे असते?” मी त्यांना आवाराच्या भिंतीकडे पाठवतो. पाऊस पडून गेला असेल तर ते हमखास सापडते. पण त्यासाठी खाली बसावे लागते.