शार्दँचीं वस्तुचित्रें

चित्रप्रदर्शनाला जाणाऱ्या आपल्या सुशिक्षित मंडळींचा एक क्रम ठरलेला असतो. प्रथम ते चित्राखालची चिठ्ठी वाचतात, मग चित्राकडे पाहतात, आणि चिठ्ठींत सांगितलेली गोष्ट चित्रांत सांपडली म्हणजे समाधानानें पुढें सरकतात. व्यक्तिचित्र असेल तर तें कोणाचें हें कळलें पाहिजे. निसर्गचित्र असेल तर तें महाबळेश्वरचें कीं माथेरानचें हें कळलें पाहिजे. परंतु ज्या चित्रांत एक तांब्या, दोन लिंबें आणि एक फडकें एवढाच ऐवज आहे त्याच्यापुढें या रसिकांची मोठी पंचाईत होते. आम्ही कॉलेजांत शिकत असतांना मुंबईच्या अशाच एका प्रदर्शनाला आमच्या एका वडीलधाऱ्या नातलगांबरोबर गेलों होतों. तांब्या-लिंबांच्या चित्रापुढें ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "हें तर आपल्या घरींच आहे कीं! यासाठीं तिकीट कशाला काढायचें?" आम्ही त्या वेळीं मोठ्यानें हंसलों. त्यांच्या प्रश्नाला आपल्यापाशीं उत्तर नाहीं, हें ध्यानांत यायला मात्र पुष्कळ वर्षें जावीं लागलीं.

प्रश्न वाटतो तितका पोरकट नाहीं. पॅरिसच्या राजाश्रित चित्रकला-अकादमीनें तो सतराव्या शतकांतच विचारला होता आणि त्याचा निकालहि देऊन टाकला होता. अकादमींत १६६७ सालीं झालेल्या व्याख्यानांना फेलिबियँ यानें जी प्रस्तावना लिहिली तींत चित्रविषयांची एक उतरंड मांडलेली आहे. सर्वांत खालीं फळें, फुलें आणि शिंपले; त्यांच्यावर निसर्गदृश्यें; त्यांच्यावर जिवंत प्राणी; त्यांच्यावर मनुष्याकृति; आणि सर्वांत वर इतिहास-पुराणांतले प्रसंग व रूपकें. मनुष्य ही ईश्वराची सर्वोत्कृष्ट कृति, म्हणून मनुष्याचें अनुकरण करणारा चित्रकार तो श्रेष्ठ, असा हा तर्क होता. तर्क कागदावरच राहिला असें मात्र नव्हे. अकादमींत प्राध्यापकाचें पद प्रसंगचित्रें काढणारासच मिळे. फळें-भांडीं रंगविणाऱ्यानें, तो केवढाहि निष्णात असला तरी, त्या पदाची आशा धरूं नये.

झां-सिमेओं शार्दँ हा २ नोव्हेंबर १६९९ रोजीं पॅरिसमध्यें एका सुताराच्या घरीं जन्मला. त्याचा बाप बिलियर्डचीं टेबलें तयार करीत असे. त्या काळीं पॅरिसच्या प्लास दोफीन नांवाच्या चौकांत वर्षांतून एकदां, एका ख्रिस्ती सणाच्या दिवशीं, मिरवणुकीसाठीं भिंतींवर कापडें लावीत, आणि त्या कापडांवर तरुण चित्रकार आपलीं चित्रें टांगीत. हें प्रदर्शन उघड्यावरचें, कांहीं तासांचें, आणि फुकट पाहावयाचें. १७२८ सालीं शार्दँनें तेथें आपलें 'पाकट' हें चित्र मांडलें. अकादमीच्या लोकांची त्यावर नजर गेली, आणि त्याच वर्षीं २५ सप्टेंबरला तो अकादमीचा सभासद झाला. नोंद झाली ती 'प्राणी व फळें' रंगविणारा म्हणून. म्हणजे दार उघडलें तें उतरंडीच्या तळाचें.

तें चित्र आज लूव्हरमध्यें आहे. आपल्या कोंकणच्या किनाऱ्यावर ज्याला पाकट म्हणतात त्या जातीचा एक मोठा मासा पोट चिरून आंकड्याला टांगलेला आहे. त्याच्या आंतला तांबूस-जांभळा भाग उघडा पडला आहे, आणि वरच्या बाजूला तोंड व नाकपुड्या यांच्या योगानें एक विलक्षण, जवळजवळ मनुष्यासारखा चेहरा झाला आहे. तो हंसतो कीं विव्हळतो हें सांगतां येत नाहीं. उजवीकडे सुरई, पातेलें, झारा, चुरगळलेलें पांढरें कापड, आणि ओट्याच्या कडेबाहेर मूठ आलेली सुरी. डावीकडे उघडीं कालवें, आणि त्यांवर पाय देऊन अंग फुगविलेलें एक मांजराचें पोर. शाकाहारी घरांत वाढलेल्या आमच्यासारख्या माणसाला या चित्रापुढें प्रथम उभें राहवेना हें कबूल केलें पाहिजे. परंतु पांच-दहा मिनिटांनीं किळस ओसरली आणि डोळे त्या फाटलेल्या मांसावरून मोत्यासारख्या कातडीवर, कातडीवरून सुरईच्या मातकट हिरव्या गोलाईवर फिरूं लागले. विषय अमंगळ असतांहि दृष्टीला तेथून हालवत नाहीं. हें कसें होतें, याचा उलगडा फेलिबियँच्या उतरंडींत होत नाहीं.

आमच्या मतें या चित्रांत एकच गोष्ट उणी आहे, आणि ती म्हणजे तें मांजर. चित्रांत कांहीं तरी 'घडलें' पाहिजे या समजुतीनें तें आणून ठेवलें आहे. त्याच वर्षींच्या 'बुफे' या चित्रांतहि फळांच्या राशीसमोर एक कुत्रा वर पोपटाकडे पाहत उभा आहे. अठ्ठावीस वर्षांच्या तरुणाला अजून भीति वाटत होती कीं, नुसत्या वस्तूंवर लोक थांबणार नाहींत. पुढच्या तीस वर्षांतला शार्दँचा प्रवास म्हणजे हीं मांजरें आणि कुत्रीं एकेक करून बाहेर घालविण्याचा प्रवास होय. १७३४ च्या सुमाराचें 'तांब्याचा पाणसाठा' हें चित्र सव्वा वीत उंच आणि वीतभर रुंद एवढेंच आहे. त्यांत तोटी असलेलें एक तांब्याचें मोठें भांडें, एक बादली, आणि एक-दोन किरकोळ वस्तु. पुढें १७६० च्या आसपास काढलेल्या आणि आतां अमेरिकेंत पिट्सबर्ग येथें असलेल्या चित्रांत तर पाण्याचा एक पेला, कॉफीचें एक काळपट भांडें आणि लसणाचे गड्डे यांपलीकडे कांहीं नाहीं. मधल्या काळांत त्यानें मोलकरणी, मुलें, पंक्तीला बसण्यापूर्वीची प्रार्थना अशीं गृहचित्रेंहि काढलीं आणि त्यांच्या छापील प्रती पुष्कळ खपल्या. तीं गोड आहेत. परंतु येथें त्यांचा विचार कर्तव्य नाहीं.

आतां हीं चित्रें लोक पाहत कोठें, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. अकादमीचें प्रदर्शन लूव्हर राजवाड्यांतल्या एका चौकोनी दिवाणखान्यांत भरे, म्हणून त्याला 'सलों' हेंच नांव पडलें. १७३७ पासून तें नियमानें भरूं लागलें व १७५१ पासून वर्षाआड. प्रवेश मोफत असल्यामुळें उमराव, व्यापारी, नोकर-चाकर यांची एकच दाटी होई. भिंती जमिनीच्या जवळून थेट छतापर्यंत चित्रांनीं भरलेल्या, चौकटीला चौकट लागलेली. वर दहा-दहा हातांचे देव आणि सेनापति. खालीं, लोकांच्या कोपरांच्या उंचीला, शार्दँची लसूण. अशा ठिकाणीं बारक्या चित्राचें मरण ठरलेलें. आवाज मोठा त्याचें गाणें चांगलें, असाच न्याय तेथें चालायचा.

आणि गंमत अशी कीं, हा दिवाणखाना लावण्याचें काम पुढें शार्दँकडेच आलें. १७५५ मध्यें तो अकादमीचा खजिनदार झाला. चित्रें टांगण्याची जबाबदारीहि त्याच सुमारास त्याच्यावर पडली, आणि १७६१ पासून १७७४ पर्यंत ती अधिकृतपणें त्याचीच होती. कोणाचें चित्र कोणाशेजारीं लावावयाचें, उजेड कोणाला द्यावयाचा, छताकडे कोणाला धाडावयाचें, हें सारें त्याच्या हातीं. या कामांत तो मोठा खोडकर होता असें दिदरो सांगतो. दोन प्रतिस्पर्ध्यांना शेजारीं शेजारीं लावून तो मौज पाही. परंतु याच दिदरोनें १७६५ च्या सलोंविषयीं लिहितांना शार्दँचें एक बोलणें नमूद केलें आहे, त्यावरून त्याच्या मनाची दुसरी बाजू दिसते. टीकाकारांनीं जरा हळुवारपणें घ्यावें, अशी त्याची विनवणी होती. भिंतीवरचें सर्वांत वाईट चित्र पाहून तुम्ही हंसतां. परंतु तेवढेंहि आपल्या हातून होणार नाहीं म्हणून हताश होऊन कुंचले मोडून गेलेले किती, याचा हिशेब तुमच्यापाशीं नाहीं, असा त्या बोलण्याचा मतलब. वीस-तीस वर्षें परीक्षकाची तांबडी पेन्सिल चालविणाऱ्या आमच्यासारख्यांना हें वाचून थोडें ओशाळल्यासारखें होतें.

दिदरो हा शार्दँचा सर्वांत मोठा स्तुतिपाठक. त्याचे हे लेख ग्रिमच्या हस्तलिखित पत्रांतून युरोपांतल्या मोजक्या राजेरजवाड्यांकडे जात. खुद्द चित्रकारांनाहि ते वाचावयास मिळत नसत. १७६३ च्या सलोंमधील ऑलिव्हच्या बरणीच्या चित्राविषयीं तो म्हणतो कीं, बिस्किटें उचलून खावीं, नारिंग सोलावें, पेला उचलून प्यावा, इतकें सारें खरें आहे. आपल्याकडे 'अगदीं हुबेहूब!' म्हणतात तीच ही स्तुति. आम्हांला ती पटत नाहीं. चित्रांतल्या फळाला खरें फळ समजून हात घालणारा मनुष्य चित्र पाहतच नसतो. शाकुंतलाच्या सहाव्या अंकांत चित्रांतल्या भ्रमराला दुष्यंत धमकावूं लागतो, तेव्हां विदूषकाला 'हें चित्र आहे' अशी आठवण करून द्यावी लागते. तेथें कालिदासाला चित्राची थोरवी सांगावयाची नाहीं, विरहानें राजाचें चित्त कसें भ्रमलें आहे हें सांगावयाचें आहे. सुदैवानें दिदरो तेथेंच थांबत नाहीं. जवळ जावें तों सारें पुसट होऊन रंगांचे थर तेवढे उरतात, आणि दूर व्हावें तों वस्तु पुन्हां जन्मास येतात, हेंहि त्यानेंच टिपून ठेवलें. हें टिपण त्याच्या बिस्किटांपेक्षां फार मोलाचें आहे. शार्दँ वस्तूची नक्कल करीत नाहीं. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत ती जुळून यावी अशी योजना करतो.

परंतु इतकें पाहूनहि, पुढें १७६५ सालीं दिदरोचा निकाल काय? हा चित्रप्रकार म्हाताऱ्यांचा किंवा जन्मतःच म्हातारे असलेल्यांचा. याला अभ्यास व चिकाटी पुरते. यांत प्रतिभा थोडी, काव्य जवळजवळ नाहीं, कारागिरी व सत्य मात्र भरपूर, आणि बस्स! म्हणजे हा पुरुष उतरंडीच्या तळाशीं वांकून पाहतो, तेथें रत्न सांपडल्याचें ओरडून सांगतो, आणि उतरंड मात्र होती तेथेंच ठेवतो.

हा वाद आपल्या साहित्यशास्त्राला नवा नाहीं. वस्तूचें जसें आहे तसें वर्णन म्हणजे स्वभावोक्ति. दंडीनें तिला अलंकारांत पहिला मान दिला. कुंतकानें ती अलंकारांतून काढूनच टाकली. त्याचें म्हणणें असें कीं, वस्तूचा स्वभाव हेंच तर शरीर. शरीरच अलंकार झालें तर तो अलंकार घालावयाचा कोणाला? हा युक्तिवाद बिनतोड वाटतो, आणि आमच्या नातलगांचा तिकिटाबद्दलचा प्रश्न वेगळ्या भाषेंत हाच होता. याला उत्तर दिलें अकराव्या शतकांतल्या महिमभट्टानें. तो म्हणतो, वस्तूला रूपें दोन. एक सामान्य रूप, जें शब्द उच्चारतांच सर्वांना कळतें. आणि दुसरें विशिष्ट रूप, जें त्याच वस्तूचें, त्याच क्षणाचें असतें. पहिलें सांगणें हें केवळ माहिती देणें होय. दुसरें दिसतें तें प्रतिभेलाच, आणि तेंच सत्कवीच्या वाणीचा विषय. आमच्या नातलगांच्या घरीं तांब्या होता हें खरें. परंतु त्यांनीं रोज पाहिला तो तांब्याचा सामान्य तांब्या. पाणी पिण्यापुरता तो पुरे. सकाळच्या कवडशांत त्याच्या पोटावर लिंबाची जी पिवळी सांवली पडते ती त्यांनीं पाहिली नव्हती, आणि खरें सांगावयाचें तर आम्हींहि पाहिली नव्हती.

शार्दँचें 'रानस्ट्रॉबेरीची टोपली' हें चित्र १७६१ च्या सलोंमध्यें होतें. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीपेक्षां हीं फळें बारीक, रानांतलीं. वेताच्या टोपलींत त्यांची निमुळती रास. डावीकडे पाण्याचा पेला. उजवीकडे एक पीच आणि दोन चेरी. पुढें पांढऱ्या कार्नेशनचीं दोन फुलें. कोठेंहि मांजर नाहीं. एकेक फळ मोजूं जावें तर मोजतां येत नाहीं, कारण रास एकाच तांबड्या ऊबेनें भरलेली आहे, आणि त्या तांबड्याचा ओझरता अंश टोपलींत, पेल्यांत, फुलांच्या पांढरेपणांतहि उतरला आहे. पेल्यांतल्या पाण्याला स्वतःचा रंग नाहीं. शेजाऱ्यांचे रंग घेऊन तें उभें आहे. या चित्राला विषय काय, असें विचारलें तर आमचें उत्तर असें कीं, वस्तूंनीं एकमेकींना काय दिलें, हा विषय.

शार्दँचें सर्वच असें आहे असा आमचा दावा नाहीं. उतारवयांत तो आपल्याच जुन्या रचना फिरून फिरून काढी, आणि हा आक्षेप समकालीनांनींहि घेतला होता. डोळे अधू झाल्यावर त्यानें तैलरंग बाजूला ठेवून खडूचे रंग घेतले आणि १७७१ च्या सलोंमध्यें चष्मा लावलेलें स्वतःचें चित्र मांडलें. चार वर्षांनीं काढलेल्या दुसऱ्या आत्मचित्रांत कपाळावर उजेड अडविणारी झांपड आहे आणि खालून तो नेमका आपल्याकडे पाहत आहे. तांब्याकडे पाहावें तसेंच त्यानें स्वतःकडे पाहिलें आहे; दया नाहीं, बढाईहि नाहीं. ६ डिसेंबर १७७९ रोजीं तो वारला. पुढच्या पिढीला पुन्हां रोमन वीर हवे होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला गोंकूर बंधूंनीं त्याच्यावर लिहिलें, १८६९ त ला काझ नांवाच्या संग्राहकाच्या देणगीबरोबर त्याचीं अनेक चित्रें लूव्हरमध्यें आलीं, तेव्हां कोठें लोकांना त्याची पुन्हां ओळख पटली.

ती स्ट्रॉबेरीची टोपली मार्च २०२२ मध्यें पॅरिसच्या लिलांवांत निघाली आणि सुमारें २ कोटी ४४ लाख युरोंना गेली. फ्रेंच सरकारनें तिला राष्ट्रीय ठेवा ठरवून देशाबाहेर जाऊं दिलें नाहीं. लूव्हरनें पैसे उभारण्यासाठीं लोकांकडे वर्गणी मागितली, बड्या देणगीदारांबरोबर हजारों सामान्य माणसांनीं आपापल्या ऐपतीप्रमाणें ती दिली, आणि २०२४ त चित्र लूव्हरच्या मालकीचें झालें. वर्गणी देणारांच्या गल्लींतल्या बाजारांत स्ट्रॉबेरी त्या वेळींहि मिळत होत्याच.