पाळण्यांतला धर्म

लहान मुलास बाप्तिस्मा द्यावा किंवा नाहीं, हा वाद ख्रिस्ती समाजाच्या घरांतला आहे. त्याच्याशीं इतरांस काय कर्तव्य, असें कोणी विचारील. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या घरांत बारशाच्या दिवशीं मुलाच्या कानांत नांव सांगतात, आठव्या वर्षीं त्याची मुंज लावतात, किंवा नवसाची माळ त्याच्या गळ्यांत घालतात, त्या प्रत्येक घरांत हाच प्रश्न निराळ्या वेषानें उभा असतो. ज्याला अद्याप बोलतां येत नाहीं, त्याच्या वतीनें देवाशीं करार करण्याचा अधिकार आईबापांस आहे काय? आणि मूल मोठें झाल्यावर त्यानें तो करार नाकारला तर? मराठी वाङ्मयानें या प्रश्नाची दखल कशी घेतली, हें पाहण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

प्रथम मूळ वाद थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. बालबाप्तिस्म्याचे कैवारी म्हणतात कीं, ईश्वराची कृपा माणसाच्या संमतीची वाट पाहत नाहीं. मूल ज्या कुटुंबांत जन्मलें त्या कुटुंबाच्या करारांत तें आपोआपच सामील होतें. विरोधक म्हणतात कीं, आधीं विश्वास आणि मग पाणी; ज्याला विश्वास म्हणजे काय हें ठाऊक नाहीं त्याच्यावर शिंपडलेलें पाणी केवळ पाणीच. १५२५ सालीं झुरिक शहरांत कांहीं मंडळींनीं प्रौढपणीं पुन्हा बाप्तिस्मा घेतला, तेव्हां हा मतभेद राजद्रोहाच्या पायरीस पोंचला, आणि १५२७ सालीं त्यांच्यांतील फेलिक्स मांझ यास नदींत बुडवून मारण्यांत आलें. आमच्या वऱ्हाडांत अकोला-अमरावतीकडे काम केलेल्या अलायन्स मिशनची परंपरा प्रौढ बाप्तिस्म्याची. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनची परंपरा बालबाप्तिस्म्याची. परंतु युरोपांत ज्या वादापायीं माणसें बुडविलीं, तो वाद आमच्या शेजारीं नागपुरास किती शांतपणें मिटला पाहा. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं तेथें निरनिराळ्या मंडळ्या एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झालें, आणि त्यांत दोन्ही रीतींस मान्यता मिळाली. ज्यांस पाळण्यांत बाप्तिस्मा द्यावयाचा त्यांनीं द्यावा, ज्यांस थांबावयाचें त्यांनीं थांबावें. तत्त्वाचा निकाल यानें लागला नाहीं हें खरें. पण शेजारधर्माचा लागला.

मात्र ज्या ठिकाणीं आईबापांच्या जागीं दुसरेंच कोणी उभें राहतें, तेथें हा प्रश्न इतका सौम्य राहत नाहीं. १५५९ सालीं पोर्तुगालच्या राजानें गोव्यांतील हिंदूंचीं पोरकीं मुलें पाद्र्यांच्या महाविद्यालयाच्या स्वाधीन करून त्यांस बाप्तिस्मा देण्याचें फर्मान काढिलें. येथें निवड मुलाची नव्हे, आईबापांचीही नव्हे, तर सत्तेची होती. याच्या उलट टोंकाचा प्रसंग १८४३ सालीं मुंबईस घडला. श्रीपत शेषाद्रि नांवाचा सुमारें बारा वर्षांचा ब्राह्मण मुलगा, थोरला भाऊ नारायण ख्रिस्ती झाल्यावर, मिशनऱ्यांच्या घरीं राहूं लागला. बापानें सुप्रीम कोर्टांत दाद मागितली आणि कोर्टानें मुलगा बापाच्या हवालीं केला. पुढें बाळशास्त्री जांभेकरांनीं पुढाकार घेऊन त्याला प्रायश्चित्त देवविलें व जातींत परत घेवविलें, आणि त्यापायीं सनातनी मंडळींचा रोष पत्करला. या कथेंत मिशनरी बोलतात, बाप बोलतो, न्यायाधीश बोलतात, शास्त्री बोलतात. श्रीपतास काय वाटत होतें, हें मात्र त्या कोलाहलांत कोणाच्याच कानीं नीट पडत नाहीं.

आमच्या आत्मचरित्रांतही हीच उणीव आम्हांस जाणवते. बाबा पदमनजी यांचें 'अरुणोदय' घ्या. तें एका जाणत्या तरुणाच्या मनाच्या झगड्याचें चित्र आहे. ज्यानें निवड केली त्याची ती कहाणी. धर्मांतरावरील आमचें बहुतेक लेखन या जातीचें आहे. त्यांत निवडणारा असतो, आणि त्याच्या निवडीनें दुखावलेले वडीलधारे असतात. मूल आढळलेंच तर तें प्रवासांतील सामानाप्रमाणें. कोणी तरी उचलून इकडून तिकडे न्यावयाचें.

'स्मृतिचित्रें' या ग्रंथाचें मोठेपण या दृष्टीनें ध्यानांत घेण्याजोगें आहे. १८९५ च्या फेब्रुवारींत नारायण वामन टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पत्नी आपल्या धर्मांत राहिली आणि लहानगा दत्तू तिच्याजवळ राहिला. एकाच मुलाचा बाप एका धर्मांत व आई दुसऱ्या धर्मांत, अशी कांहीं वर्षें गेलीं. लक्ष्मीबाई या दुःखाचें तत्त्वज्ञान करीत नाहींत. कोणाच्या हातचें पाणी प्यावें, कोणाच्या पंक्तीस बसावें, अशा रोजच्या गोष्टींतून त्या वाचकास पुढें नेतात. त्यांच्या मनांतून आधीं जातिभेद गळाला. बाप्तिस्मा मागाहून, १९०० सालीं, आला. म्हणजे धर्म ही केवळ मतांची यादी नसून घरांतील हालचालींचें वळण आहे, हें या अल्पशिक्षित बाईंनीं भल्या भल्या पंडितांपेक्षां स्पष्ट दाखविलें. आणि हें वळण मुलास भाषेबरोबरच लागतें. आमची एकच तक्रार आहे ती ही कीं, त्या अवघड वर्षांत दत्तूच्या मनांत काय चाललें असेल, याची वाट या ग्रंथांतही पुरती उजळत नाहीं. लक्ष्मीबाईंसारख्या लेखिकेची दृष्टिही येथें मुख्यतः आईचीच राहते.

पंडिता रमाबाईंचें उदाहरण याहून बोलकें आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां अवघ्या अडीच वर्षांच्या मनोरमेसही तो देण्यांत आला. परंतु पुढें तेथील भगिनीमंडळानें मनोरमेस आपल्या पंथाचे सिद्धांत शिकवावयास आरंभ केला, तेव्हां रमाबाईंनीं हरकत घेतली. मुलीस काय शिकवावें हें आई ठरवील, असा त्यांचा आग्रह होता. हा वाद त्यांच्या छापून निघालेल्या पत्रव्यवहारांत आज कोणासही वाचतां येतो. आतां नियतीचा खेळ पाहा. १८९३ सालीं पुण्यास शारदासदनांतील मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात, यावरून जें वादळ उठलें, त्यांत पालकांनीं त्यांच्यापुढें हाच मुद्दा मांडला होता. रानडे व भांडारकर यांनीं सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला; अनेकांनीं मुली काढून नेल्या. आपण कोणावर सक्ती करीत नाहीं, केवळ दार उघडें ठेवितों, हें रमाबाईंचें म्हणणें प्रामाणिक होतें. परंतु ज्या मुलीस अन्न, वस्त्र व माया एकाच हातानें मिळते, तिला त्या हातानें उघडलेलें दार नुसतें दार वाटत नाहीं. वाँटेजला आई या नात्यानें जें त्यांस दिसलें, तें पुण्यास संस्थाचालिका या नात्यानें तितकें दिसलें नाहीं, असें आमचें नम्र मत आहे.

मग मुलास कोणताच धर्म देऊं नये, मोठें झाल्यावर त्यानें निवडावा, हें मत घ्यावें काय? तें दिसावयास उदार आहे, पण त्यांत एक भ्रम आहे. वर्धेच्या तीरावरील कौंडण्यपूर हें रुक्मिणीचें माहेर मानलें जातें, आणि आपल्या मनानें वर निवडणारी कन्या म्हणून आमचे कवि तिचें गुणगान करीत आले आहेत. रुक्मीनें शिशुपालाची योजना केली. तिनें ती झुगारून श्रीकृष्णास निरोप धाडला. पण श्रीकृष्ण तिला ठाऊक कसा झाला? भागवत सांगतें कीं, घरीं येणाऱ्याजाणाऱ्यांच्या तोंडून तिनें त्याचे गुण ऐकिले होते. तिची निवड स्वतंत्र खरी. परंतु जें ऐकलें त्यांतूनच ती झाली. ज्या घरांत कांहींच कानीं पडत नाहीं, तेथील मूल मोकळें राहत नाहीं. तें बाजारांत जें प्रथम ऐकेल तें उचलतें. याच कौंडण्यपुराहून आषाढीस पंढरपुरास पालखी जाते. बापाच्या खांद्यावर बसून टाळांचा नाद ऐकणाऱ्या पोरास आपण काय निवडावयास सांगणार? तो नाद न ऐकण्याची निवड त्याला आधीं कोणी दिली होती?

शिवाय वाट पाहणें हें सर्वांस सारखेंच परवडतें असें नाहीं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास डॉ. आंबेडकरांबरोबर ज्या लाखों लोकांनीं बुद्धधम्माची दीक्षा घेतली, त्यांनीं मुलांच्या वतीनेंही निर्णय घेतला. मूल सज्ञान होईपर्यंत थांबा, असें त्यांस सांगणें म्हणजे तोंवर त्याला अस्पृश्यतेंत राहूं द्या, असें सांगणें होतें. आईबापांचा निर्णय हा कधीं मुलावर घातलेलें ओझें असतो, तर कधीं त्याच्या डोक्यावरचें ओझें उतरविणें असतें.

तेव्हां आमचा निर्णय असा. आईबापांनीं मुलास आपला धर्म द्यावा. पण मातृभाषा देतात तसा द्यावा, सावकार कर्ज देतो तसा देऊं नये. मातृभाषा देणारी आई मुलानें दुसरी भाषा शिकल्यास त्याला घराबाहेर काढीत नाहीं. हा अधिकार आईबापांचा आहे. शाळेचा, वसतिगृहाचा किंवा सरकारचा नाहीं. आमच्या राज्यघटनेनें अठ्ठाविसाव्या कलमांत हें जाणूनच सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेंत अज्ञान मुलास पालकाच्या संमतीवांचून धर्मशिक्षणास बसविण्याची बंदी केली आहे. आणि सज्ञान झाल्यावर निर्णय मुलाचा. २०१४ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें तर, आपला कोणताच धर्म नाहीं असें म्हणण्याचाही नागरिकास अधिकार आहे, असें सांगितलें.

बाप्तिस्मा पाळण्यांत द्यावा कीं पंचविशींत, मुंज करावी कीं न करावी, हे प्रश्न ज्या त्या घरानें सोडवावे. आम्हांस त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी कसोटी: मुलगा किंवा मुलगी एके दिवशीं समोर उभी राहून 'मला हें नको' म्हणेल, तेव्हां त्या घरांत तिचें ताट वाढलें जाईल कीं नाहीं? आजही भिन्नधर्मीय विवाहांत जन्मलेल्या मुलांच्या शाळेच्या अर्जांत धर्माचा रकाना भरतांना आईबाप क्षणभर थबकतात. त्या मुलांनीं मोठें होऊन आपली हकीकत स्वतः लिहावी, अशी आमची फार इच्छा आहे. आमच्या वाङ्मयांत निवडणाऱ्यांनीं पुष्कळ लिहिलें; ज्यांच्या वतीनें निवडलें गेलें, त्यांचें पुस्तक अद्याप यावयाचें आहे.