पेरिनची बायको, रँडचे पूर्वज
२०२१मध्ये प्राइम व्हिडिओवर 'द व्हील ऑफ टाइम' आली आणि पहिल्याच भागात माझं डोकं फिरलं. रॉबर्ट जॉर्डनच्या पुस्तकांत पेरिन हा लोहाराकडे काम शिकणारा, अविवाहित पोरगा. हातातली कुऱ्हाड आपल्याला आवडू लागेल, ही भीती त्याला शेकडो पानं छळते. मालिकेने त्याला बायको दिली आणि त्याच्याच हातून चुकून मारून टाकली. भीती मुरायला वेळ लागतो. इथे एका धक्क्यात काम उरकलं.

पण तिसऱ्या सीझनचा चौथा भाग बघा. रुइडीनमध्ये काचेच्या खांबांमधून चालताना रँडला त्याचे पूर्वज दिसतात, एकेक पिढी मागे जात. त्या पूर्वजांच्या भूमिकाही जोशा स्ट्राडोव्स्कीच करतो. पुस्तकात जे समजून घ्यावं लागतं, ते इथे चेहऱ्यावरच दिसतं. हा बदलच, पण कॅमेऱ्यालाच जमेल असा.

मे २०२५मध्ये मालिका बंद झाली. १४ खंडांची गोष्ट २४ भागांवर अडली. कुठे घाई करायची नाही हे तिला नुकतं कळू लागलं होतं. पुस्तकं कपाटात आहेतच; तरी पंचविसावा भाग मला हवा होता.