गोमू कुठे बोलते?

काही गाणी इतकी ओळखीची असतात की ती आपण ऐकतच नाही. 'गोमू माहेरला जाते' हे त्यांतले एक. बडोद्यात वासण्याच्या बाजूला राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींचा गणेशोत्सव असो, कोजागरी असो की शाळेचे स्नेहसंमेलन, या गाण्यावाचून कार्यक्रम पुरा होत नाही. मुली नऊवारीचा काष्टा आवळतात, मुलगे डोक्याला तांबडी टोपी घालून पुठ्ठ्याची होडी वल्हवतात, पालक टाळ्या वाजवतात. मुख्याध्यापकाच्या खुर्चीवरून मी हा नाच वीसएक वेळा तरी पाहिला असेल. गाणे ऐकले मात्र गेल्या वर्षी प्रथमच, आणि तेही एका विद्यार्थिनीमुळे.

मुलगी आठवीतली. वडील मराठी, आई गुजराती. तालीम चालू असताना मध्येच थांबून तिने विचारले, "सर, गोमू पियर जाय छे ने? मग तिच्या वराला कशाला एवढं सगळं दाखवायचं? आणि हे नाखव्याला सांगतंय कोण?"

'घोव म्हणजे नवरा, नाखवा म्हणजे होडीचा मालक' एवढे सांगून मी वेळ मारून नेली. पण तिने शब्दांचे अर्थ विचारलेच नव्हते. तिने विचारले होते ते समीक्षकाने विचारावे असे होते. त्याचे उत्तर द्यायला मला वर्ष लागले.

गाण्याची जन्मपत्रिका आधी पाहू. चित्रपट 'वैशाख वणवा', साल १९६४. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाल दत्ता डावजेकरांची, आवाज जितेंद्र अभिषेकींचा. अभिषेकी गोव्यातल्या मंगेशीचे, म्हणजे समुद्राच्या शेजारचे. त्याच वर्षी त्यांच्या संगीताने 'मत्स्यगंधा' रंगभूमीवर आले आणि तिथेही एक मुलगी नाव वल्हवतेच आहे. पण तो वेगळा विषय. गीतकार मात्र शेटफळ्याचा, माणदेशातला. जिथे पाऊस आला तर आला, ओढ्याला पाणी दिसले तर सणच, त्या मुलखातला. माडगूळकरांच्या धाकट्या बंधूंची 'बनगरवाडी' ज्यांनी वाचली आहे त्यांना तो उजाड माळ सांगायला नको. कोकणची सर्वांत लाडकी ओळख लिहिली ती घाटावरच्या कवीने. हा योगायोग एवढ्यावरच थांबत नाही. 'वादळ वारं'सारखी कोळीगीते लिहिणाऱ्या शांता शेळके यांचा जन्म इंदापूरचा. घाटी माणसाला समुद्राचे वेड लागते ते असे!

हे लक्षात आले की गाण्यातला 'घोव' कोण हे निराळे सांगावे लागत नाही. ज्याला खाडीचे निळे पाणी दाखवायचे, दोन्ही काठांची दाट झाडी दाखवायची, अबोलीचा ताटवा दाखवायचा, तो नवरा कोकणातला असूच शकत नाही. मालवणच्या माणसाला माड किती उंच असतो हे जवळून मोजून दाखवण्याची गरज काय? तो घाटावरचा आहे. माडाच्या बुंध्याशी उभा राहून मान मागे टाकतो आहे, टोपी पडते आहे. माडगूळकरांनी स्वतःचेच डोळे त्या जावयाला दिले आहेत, असे मला वाटते. म्हणून वर्णनात नवल आहे, सराव नाही.

या गाण्यावर माझा जुना राग होता, तोही सांगून टाकतो. शिक्षकांच्या खोलीत मी एकदा म्हणालोही होतो की हे गाणे म्हणजे पर्यटन खात्याची भिंतीवरची जाहिरात आहे. १९६४ सालचे कोकण काय होते? घरटी एक माणूस मुंबईच्या गिरणीत, मागे म्हातारी, आणि दर महिन्याच्या मनिऑर्डरीची वाट. समुद्र काय होता? १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. किनाऱ्यावरच्या किती घरांत ती तारीख अजून पाळली जाते. गाण्यात यातले काही नाही. गलबताचेही तेच. १९६४ साली माहेरी जाणारी मुलगी एस. टी. ने गेली असती, नाही तर भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने. शिडाच्या गलबतातून जात होती ती मुख्यतः कौले, लाकूड आणि मीठ. म्हणजे लिहिले गेले तेव्हाच हे गाणे मागचे, आठवणीतले होते. भाषेचेही पाहा. 'घोव' दक्षिण कोकणातला, 'नाखवा' उत्तरेकडच्या कोळीवाड्यांत अधिक रुळलेला. सगळा किनारा एका होडीत कोंबलेला.

यातले काही आक्षेप मी आजही मागे घेत नाही. कोकणी माणसांच्या सरळपणाची तारीफ करणारे मधले कडवे तसे दुबळेच आहे. ते पाहुण्याने निघताना दिलेल्या प्रशस्तिपत्रासारखे वाटते. रत्नागिरीचा अंतू बर्वा ज्यांना 'व्यक्ती आणि वल्ली'मुळे १९६२ पासून ठाऊक होता ते हे ऐकून मिशीत हसले असतील. पण त्याच कडव्यात या माणसांच्या काळजाला शहाळ्याची उपमा आहे, आणि ती वाटते तितकी भोळी नाही. शहाळे हाताने सोलून कोणी पाणी प्यायले आहे? कोयता लागतो. कवीला हे माहीत असावे. गाणाऱ्यांना बहुधा नसते.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. बोलते आहे कोण? गोमू नक्कीच नाही. तिच्याविषयी बोलले जाते, तिच्या नवऱ्याला काय काय दाखवायचे ते नाखव्याला बजावले जाते, पण ती स्वतः गप्प आहे. माहेरी निघालेल्या मुलीला न्यायला पूर्वी मुराळी येत असे, भाऊ किंवा जवळचा नातलग. हा आवाज मला त्या मुराळ्याचा वाटतो. त्याला बहिणीला काही दाखवायचे नाही, ती इथलीच. त्याला मेहुण्यापुढे मिरवायचे आहे. बघा, आमची पोर कुठून तुमच्याकडे आली ते! सासरी तिने कोरडा मुलूख मुकाट्याने पाहून घेतला. आता तुमची पाळी. एरवी आपल्या गाण्यांत, ओव्यांत सासरचे घर सुनेला दाखवले जाते. इथे परका ठरतो तो जावई. एवढी एकच उलटापालट माडगूळकरांनी केली आणि साध्या वर्णनाला धार आली.

गुजरातीत एक म्हण आहे, आपल्याकडच्या मुलांनाही ठाऊक असलेली: लंकानी लाडी ने घोघानो वर. खंभातच्या आखातावरचे घोघा हे जुने बंदर, तिथला खलाशी दर्यापार गेला आणि लंकेची नवरी घेऊन आला. २०१७ च्या ऑक्टोबरात दहेज-घोघा फेरी सुरू झाली तेव्हा ही म्हण सगळ्यांच्या तोंडी होती. पुढे गाळाने ती वाट बंद पडली आणि २०२० च्या नोव्हेंबरपासून हजिऱ्याहून घोघ्याला फेरी सुरू झाली, असो. म्हणीत दर्या नवऱ्याचा आहे, बायको आणली जाते. आपल्या गाण्यात दर्या बायकोचा आहे आणि नवरा आणला जातो. दोन्ही भाषा कानावर असलेल्या आमच्या मुलांना हा फरक लगेच कळतो. मी वर्गात फळ्यावर दोन्ही शेजारी शेजारी लिहिले तेव्हा फार समजवावे लागले नाही.

पण गोमू खरोखर शेवटपर्यंत गप्प आहे का? इथे मला माझी स्वतःची एक आठवण पुरावा म्हणून द्यावी लागते. आमच्या सौभाग्यवतींचे माहेर जयगडच्या खाडीपलीकडे, तवसाळच्या बाजूला. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, मे महिना संपता संपता आम्ही दोघे होडीने खाडी ओलांडली. (आता तिथे मोटारी वाहून नेणारी फेरीबोट चालते.) मृग आठ-दहा दिवसांवर. ढग अजून आले नव्हते, पण वारा बिथरल्यासारखा कधी इकडून, कधी तिकडून येत होता. पाऊस लागण्याआधी होड्या वर ओढून झापांखाली ठेवायच्या, मग दर्याचे तोंड पाहायचे ते नारळी पौर्णिमेला, असे होडीवाला सांगत होता. मी बडोद्याचा, विश्वामित्रीपलीकडे पाणी न पाहिलेला. मी दोन्ही काठ डोळ्यांत साठवत होतो. हा कोणता गाव, तो किल्ला कोणता, अशी माझी बडबड चालू होती. ती उत्तर देत नव्हती. तिची नजर समोरच्या धक्क्यावर होती. तिथे कोणीतरी उभे होते, आणि एवढ्या लांबून तो भाऊ की आणखी कोणी हे तिला ठरवता येत नव्हते. मध्येच ती होडीवाल्याला एवढेच म्हणाली, "लवकर घ्या हो जरा."

गाण्यात ऋतूचे नाव नाही. पण खाडी निळी आहे, म्हणजे पावसाचा गढूळ लोंढा अजून आलेला नाही. आणि शेवटच्या कडव्यात वारा खोडकर आहे. चित्रपटाच्या नावातला वैशाख बाजूला ठेवला तरी मी ही उन्हाळ्याच्या अखेरची, हंगामातली शेवटची खेप समजतो. आणि ते शेवटचे कडवे पाहा. तोवर सगळा सूर 'दाखवा, जवळून दाखवा' असा सावकाशीचा. जावयाला काही सुटता कामा नये. शेवटी मात्र नाखव्याला सोडून बोलणे एकदम वाऱ्याशी सुरू होते. खोड्या पुरे, शिडात शीर, गलबत जमिनीला लाव, आणि तेही झटपट. ज्याला खाडी दाखवायची आहे तो घाई का करील? मुराळ्याला घाई नाही, नवऱ्याला तर नाहीच. घाई एकटीला आहे. मला वाटते, इथे बोलणारा बदलतो. चाल तीच, आवाज अभिषेकींचाच. म्हणून साठ वर्षे आपल्या लक्षात आले नाही. हे माडगूळकरांनी जाणून केले की लेखणीच्या ओघात झाले, याचा निकाल मी लावणार नाही. शब्द तिथे आहेत.

त्या मुलीला मी हे सांगितले. ती आता नववीत आहे. थोडा वेळ विचार करून म्हणाली, "मग सर, ते कडवं आम्हा मुलींना द्या ना. मुलगे नुसते वल्हवू देत."

यंदा तसेच बसवले आहे. संगीताच्या बाईंना अजून ते पटलेले नाही. चाल मध्येच वर न्यावी लागते, मुलींचे आवाज फाटतात, असे त्यांचे म्हणणे. स्नेहसंमेलन डिसेंबरात आहे.