संगणकीय मानवाकृतीचे पाऊल : एक परीक्षण

संगणकावर मानवाकृती सिद्ध करताना तिच्या बाह्य पृष्ठाखाली सांध्यांचा सांगाडा बसवावा लागतो. व्यवसायात यास ‘रिगिंग’ म्हणतात. कोणते सांधे घ्यावयाचे व कोणते गाळावयाचे हा निर्णय वरवर केवळ तांत्रिक वाटतो. वस्तुतः तो व्याकरणकाराच्या निर्णयासारखा आहे. जो भेद व्यवस्थेने मानलाच नाही, तो तिच्याद्वारे व्यक्तही होत नाही. या दृष्टीने संशोधनात मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या ‘एसएमपीएल’ या प्रतिमानाची पावले तपासण्याजोगी आहेत.

मॅथ्यू लोपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली मांडलेल्या या प्रतिमानात ६,८९० बिंदूंचे पृष्ठ आणि कटिमूळ वगळता २३ सांधे आहेत. पैकी प्रत्येक पावलाच्या वाट्यास दोनच येतात : घोटा आणि चवडा. पाचही बोटे चवड्याबरोबर एकसंध वळतात. हाताची बोटेही तेव्हा अशीच जखडलेली होती. परंतु २०१९ च्या ‘एसएमपीएल-एक्स’मध्ये प्रत्येक हातास बोटांचे १५ सांधे लाभले, जबडा व डोळे हलू लागले, पावले मात्र होती तशीच राहिली. मानवी हातात २७ हाडे असतात व पावलात २६, हे ध्यानी घेता या विषमतेचे समर्थन शरीररचनेच्या आधारे करता येत नाही. अभिव्यक्ती हात व मुख यांची, पाऊल म्हणजे पायाचा केवळ शेवट, हे गृहीत येथे अबोलपणे काम करीत आहे.

या गृहीताची कसोटी भरताच्या नाट्यशास्त्रात सापडते. तेथे पावलाचे उद्घट्टित, सम, अग्रतलसंचर, अंचित व कुंचित असे पाच भेद सांगितले आहेत. सम व उद्घट्टित दोन सांध्यांनी साधतील. अंचितात टाच भूमीवर राहून पुढचा भाग उचलला जातो, तेवढेही साधेल; पण त्यात अपेक्षित असलेला बोटांचा पसारा साधणार नाही. अग्रतलसंचरात टाच वर उचललेली, अंगठा पसरलेला व इतर बोटे वळलेली असतात. अंगठा आणि बोटे यांत भेदच न करणाऱ्या सांगाड्यास हा न्यास सर्वथा अशक्य आहे.

याहून मूलगामी उणीव भूमीविषयी आहे. भरताच्या लक्षणांत टाच भूमीवर टेकते, आपटते वा तिच्यापासून उचलली जाते. उलट या प्रतिमानात न्यास म्हणजे कटिमूळापासून खाली मोजलेली सांध्यांची वळणे. भूमीस त्यात स्थानच नाही. परिणामी नितंब व गुडघा यांतील अल्प चूक खाली साठत जाते, आणि पाऊल अधांतरी तरंगते, जमिनीत रुतते किंवा घसरते. सचेतपटकार टाच, चवडा व बोटांचे टोक यांना आधारबिंदू मानून वळणांचा क्रम उलटा लावतात, तो याचसाठी.

सांधे वाढविल्यास छायाचित्रावरून न्यास अनुमानणे कठीण होते, आणि पाऊल बहुधा पादत्राणात झाकलेले असते, हा प्रतिवाद निराधार नाही. परंतु तो काटकसरीचे कारण सांगतो, पुरेपणाचे नव्हे. २०२२ साली आलेल्या ‘एसयूपीआर’ने पायाच्या बोटांना सांधे दिले आणि पावलाचा आकार भूमिस्पर्शानुसार बदलेल अशी योजना केली, सुधारणेची दिशा निःसंशय हीच आहे. नृत्याच्या वा चालीच्या नोंदी जुन्या सांगाड्यात साठविणाऱ्याने मात्र हे विसरू नये, की त्यात गळालेला भेद मूळ चित्रीकरण जपले नसेल तर पुन्हा मिळवता येत नाही.