भोपळ्याचे सूप आणि मालकीचा प्रश्न

१ जानेवारीला हैतीत घरोघर एकच पदार्थ शिजतो. त्याचे नाव सूप जुमू. जुमू म्हणजे एका जातीचा भोपळा. लिंबाने धुऊन पात, लसूण, पार्सली यांच्या वाटणात मुरवलेले गोमांस, शिजवून घोटलेला भोपळा, कोबी, गाजर, सलगम, बटाटे, शेवया, आणि वर एक जहाल मिरची, अख्खीच सोडलेली. ती फुटली तर सारे भांडे तिखटजाळ. डिसेंबर २०२१ मध्ये युनेस्कोने या सूपाची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. त्या यादीतली हैतीची ही पहिलीच नोंद.

नोंदीचा आशय असा : हे सूप मूळचे गुलामांच्या मालकांसाठी राखीव होते, १८०४ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा कालच्या गुलामांनी ते आपले केले आणि ते स्वातंत्र्याचे प्रतीक बनले. जे शिजवायचे पण चाखायचे नाही, ते भर दिवसा वाडगा भरून खाणे यात केवढा विद्रोह आहे, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. एक फरक मात्र ध्यानात घ्यावा. आपल्याकडे अस्पृश्याच्या हाताचाच विटाळ. तिथे मालकाचे सारे जेवण गुलामाच्या हातचे. हात चालत होता, तोंड चालत नव्हते.

तरीही ही गोष्ट मला अपुरी वाटते. ती पंगतीपाशी सुरू होते आणि पंगतीपाशीच संपते. भोपळा कोणाच्या शेतातला, हा प्रश्न तिला पडत नाही.

हैती तेव्हा सां-दोमिंग होता, फ्रान्सची सर्वात श्रीमंत वसाहत. युरोपात जाणाऱ्या साखरेचा नि कॉफीचा फार मोठा वाटा या एका वसाहतीतून जाई, आणि १७८९ च्या सुमारास साडेचार लाखांहून अधिक गुलाम तिथे राबत होते. त्यांनी काय खायचे हे १६८५ च्या फ्रेंच ‘काळ्या संहिते’ने ठरवून दिले होते : आठवड्याला कसाव्याच्या पिठाची अडीच मापे, अथवा अडीच अडीच पौंडांच्या तीन कसावा-भाकऱ्या, सोबत दोन पौंड खारे गोमांस किंवा तीन पौंड मासळी. हे कलम वाचताना एखाद्या तबेल्याची हिशेबवही वाचतो आहोत असे वाटते. पण मालकांना तेवढेही देणे जड होई. गुलामाला एक मोकळा दिवस देऊन खाण्याच्या जबाबदारीतून सुटू नये, असेही संहितेत कलम होते. ते सर्रास मोडले जाई. उसाला नकोशी असलेली डोंगरउताराची जमीन गुलामाला मिळे आणि थकलेल्या अंगाने तो तिथे रताळी, केळी, कसावा, कडधान्य लावी.

मालकाच्या कंजूषपणातून मिळालेला हा तुकडाच माझ्या मते हैतीच्या अन्नसंस्कृतीचे खरे उगमस्थान आहे. तिथे काय पेरायचे हे गुलाम ठरवत होता. उरलेसुरले बाजारात विकत होता. आयुष्यात त्याच्या मर्जीने चालणारी दुसरी जागा नव्हती.

ऑगस्ट १७९१ मध्ये उठाव झाला आणि १ जानेवारी १८०४ रोजी देसालिन यांनी स्वातंत्र्य जाहीर केले. पुढचा भाग वारशाच्या गोष्टीत सांगितला जात नाही, कारण तो अडचणीचा आहे. नव्या सत्ताधाऱ्यांनाही मळेच हवे होते. तुसें यांनी उठावाच्या काळातच मुक्त माणसांना पुन्हा मळ्यांवर जुंपले होते. १८२६ साली अध्यक्ष ब्वाये यांनी ग्रामसंहिता काढून शेतकऱ्याला जमिनीला बांधू पाहिले. त्याआधी एकच वर्ष, १८२५ साली, फ्रान्सने युद्धनौका आणून १५ कोटी फ्रँकची भरपाई लादली होती : गमावलेल्या मालमत्तेची, म्हणजे या माणसांचीही! ती भरायची तर निर्यात हवी आणि निर्यात हवी तर कॉफीवाल्या शेतकऱ्याकडून वसुली हवी. लोक डोंगरात शिरले, छोटे तुकडे कसू लागले, आणि आपल्याच सत्ताधाऱ्यांना त्यांनी असा नकार दिला.

त्या नकाराचे साहित्यातले रूप पाहायचे तर झाक रूमें यांची १९४४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर निघालेली कादंबरी वाचावी. दवाचे धनी, असे तिच्या नावाचे मराठी करता येईल. गाव कोरडे पडले आहे, वैराने दुभंगले आहे. क्यूबातून ऊसतोड करून परतलेला मानुएल पाणी शोधतो. पण पाणी शेतात आणायला कोंबित हवे, म्हणजे साऱ्या गावाने ढोलाच्या ठेक्यावर एकत्र राबायचे आणि एकत्र जेवायचे. राष्ट्रीय पदार्थाच्या कौतुकापेक्षा मला हे जेवण मोठे वाटते. ते कोणी कोणाला वाढलेले नाही.

आता अलीकडचे. हैतीचा काळा गावठी डुक्कर लहानखुरा, काटक. टाकाऊ खाऊन जगे. शेतकऱ्याची तीच बँक : मुलाची फी, लग्न, मयत, सारे डुकरावर. १७९१ च्या उठावाआधी बळी दिला तो काळा डुक्करच, अशी लोकस्मृती सांगते. आफ्रिकन स्वाइन फीव्हरच्या भीतीने १९८०च्या दशकाच्या प्रारंभी, अमेरिकेच्या पुढाकाराने, ही जातच मारून टाकण्यात आली. बदली आलेल्या अमेरिकन डुकरांना सिमेंटचा गोठा, स्वच्छ पाणी आणि विकतचे खाद्य लागे. लोक त्यांना चारपायी राजपुत्र म्हणू लागले. ग्रिओ, म्हणजे आंबट नारिंगाच्या रसात मुरवून तळलेले डुकराचे मांस, हा सणासुदीचा पदार्थ; तो राहिला, पण घरचा डुक्कर गेला.

भाताचे तेच. अर्तिबोनितच्या खोऱ्यातला तांदूळ देशाला जवळजवळ पुरत होता. १९८६ नंतर दारे उघडू लागली आणि १९९५ साली आयातकर ३ टक्क्यांवर आला. अमेरिकी सरकारच्या अनुदानावर पिकलेला तांदूळ आत आला; बाजारात त्याला ‘मियामी तांदूळ’ हे नाव पडले. मार्च २०१० मध्ये बिल क्लिंटन यांनी सिनेटच्या समितीपुढे कबूल केले की या धोरणाने आर्कन्सासच्या काही शेतकऱ्यांचे भले झाले असेल, पण हैतीची स्वतःचे अन्न पिकवण्याची ताकद गेली आणि त्यात आपली चूक होती. तोवर अर्तिबोनितमधल्या कित्येकांनी भातखाचरे सोडून पोर्ट-ओ-प्रिन्सच्या झोपडवस्त्या गाठल्या होत्या. घेवड्यात शिजवलेला भात, दिरी कोले, तिथेही रोजच्यासारखाच शिजतो. तांदूळ पोत्यातून येतो, आणि पोत्यावरची भाषा इंग्रजी असते.