नॉर्वेचे निसर्गचित्र आणि अंतर

युहान क्रिस्तियान डाल (१७८८–१८५७) ह्यास नॉर्वेजियन निसर्गचित्राचा जनक म्हणण्याची प्रथा आहे व ती सार्थही आहे. परंतु बेर्गेनच्या ह्या कोळ्याच्या मुलाचे १८१८ नंतरचे बहुतेक आयुष्य ड्रेस्डेन येथे गेले आणि मायदेशी तो आला तो केवळ पाच वेळा, ही गोष्ट सहसा चरित्राच्या रकान्यातच राहते. चित्रांच्या आस्वादात तिला स्थान मिळत नाही. वास्तविक ती तेथेच मोलाची आहे. ‘स्तालहाइमचे दृश्य’ (१८४२) ह्या चित्राचे मूळ १८२६ च्या प्रवासात आहे. खोल दरी, शंकूसारखा पर्वत, इवलीशी शेतघरे आणि वर इंद्रधनुष्य. मधल्या सोळा वर्षांत दृश्याचे स्मरण झाले आणि स्मरणाची पूजा. तरीही हे चित्र खोटे वाटत नाही, कारण खडकाचा पोत आणि पावसानंतरचा प्रकाश ह्यांविषयी डाल कमालीचा प्रामाणिक आहे. भक्ती आणि निरीक्षण ह्यांचा असा तोल त्याच्या मागून आलेल्यांना फारसा साधला नाही.

‘हार्डांगरमधील लग्नाची वरात’ (१८४८) ह्या अतिप्रसिद्ध चित्राविषयी तर इतके उदार होताच येत नाही. हान्स गुडे ह्याने फ्योर्ड आणि डोंगर रंगविले, आडोल्फ टिडेमान्ड ह्याने नावेतील माणसे. दोघेही ड्युसेलडॉर्फच्या पंथाचे. पाणी आरशासारखे निश्चल, वधूचा मुकुट झळझळीत, श्रमाची खूण कोणाच्या अंगावर दिसेल तर शपथ! १८१४ पासून १९०५ पर्यंत स्वीडनच्या राजाखाली राहिलेल्या देशाला आपले असे एक रूप हवे होते. ते ह्या चित्राने पुरविले; १८४९ मध्ये क्रिस्तियानियाच्या रंगभूमीवर त्याचा सजीव देखावाही झाला. गरज खरी होती, हे मान्य. ती भागविणारी कृती तेवढ्याने थोर ठरत नाही. त्याच १८४८ साली ईव्हार ओसेन ह्याचे लोकबोलींचे व्याकरण प्रसिद्ध झाले. शोध तोही राष्ट्ररूपाचाच. पण तो दऱ्याखोऱ्यांतून हिंडून, बोलणाऱ्यांच्या तोंडचे शब्द टिपून सिद्ध झालेला होता.

लार्स हेर्टरव्हिग (१८३०–१९०२) हा गुडेचाच विद्यार्थी. ड्युसेलडॉर्फहून परतल्यावर तो गाउस्टाडच्या मनोरुग्णालयात राहिला आणि पुढे स्टाव्हांगर येथे दारिद्र्यात, मिळेल त्या कागदावर चित्रे काढीत राहिला. त्याच्या ‘बोर्गओया बेट’ (१८६७) ह्या चित्रात देश दाखविण्याची घाईच नाही. पाणी आणि आकाश एकाच प्रकाशात बुडालेले आहेत. युन फोस्से ह्याने ‘मेलांकोलिया’च्या पहिल्या भागासाठी (१९९५) नेमका हाच चित्रकार निवडला आणि ओसेनच्या परंपरेतील नीनोर्स्क भाषेत त्याला बोलते केले. फ्योर्डांचे वैभव तेथे कोणी शोधू नये. आपल्याला चित्र काढता येते की नाही, ह्या एकाच शंकेभोवती त्याची वाक्ये फिरत राहतात.